आठवी फेरी

नोंद क्रमांक चारशे सतरा.
तातोबा हळिंगळे, हरिपूर.
पहिल्या फेरीला वय ब्याऐंशी, तेही अंदाजानं:
"मानमोडीच्या मागनं सात-आठ वर्सांनी" एवढाच दाखला.

दर दोन वर्षांनी मी येते.
पिशवीत वजनकाटा, टेप, स्टॉपवॉच,
मुठीचा जोर मोजायचं चिमट्यासारखं यंत्र
आणि बत्तीस पानांचा फॉर्म.
खाडाखोड झाली तर शेजारी माझी सही लागते.

उंची दर खेपेला अर्धा-एक सेंटीमीटर कमी.
"मातीनं हप्ता बांधलाय," म्हणतात.
मूठ: सव्वीस किलो, बावीस, एकोणीस,
मग एकदा अचानक तेवीस.
त्या दिवशी नातू समोर उभा होता.

हे हात हळदीच्या पेवांत गेले.
तोंड माणूसभर, पोट खोलीएवढं,
खाली काळोखात वर्षभराचं पिवळं.
"झाकण काढलं की लगीच उतरायचं न्हाई, पोरी.
दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर काठावर बसायचं. तंबाखू मळायची.
हवा आपणहून येती.
तू मातर आल्या आल्या उतरतीस."

पेवं आता नाहीत.
पुराचं पाणी शिरलं, कडा बसल्या,
वर ट्रॅक्टर उभे राहतात.

सहाव्या फेरीनंतर पुण्याहून फोन आला:
चारशे सतराच्या आकड्यांत विसंगती आहे.
चालणं घटलंय, ऐकणं घटलंय, डाव्या डोळ्यात पडदा,
मधल्या काळात पत्नी मयत,
आणि 'समाधान' या रकान्यात तीनाचे पाच?
चूक तुमची की त्यांची, खात्री करा.

पुन्हा गेले. कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारलं,
छापलेल्या शब्दांतच, बदलायची मुभा नाही.
त्यांनी बराच वेळ सुपारी शोधली.
ती तोंडातच होती.
मग म्हणाले, "तवा पोत्याला भ्यायचो.
आता पोतंच न्हाई. लिही पाच."

"आणि काकू?"
हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.
"ती हाय की वर.
मी उतरलोय, दोरी तिच्याकडं."

परवा आठवी फेरी.
पाच शब्द वाचून दाखवायचे,
पाच मिनिटं भलतंच काही करायचं, मग परत मागायचे.
यादी दर वेळी नवी, पाठ होऊ नये म्हणून.
कुलूप, मीठ, घोडा, खिडकी, ऊन.
त्यांनी मान हलवली, जशी दुकानदाराकडे बघून हलवतात.
मधल्या वेळात मूठ मोजली. नऊ किलो.
सुनंदाताईंनी चहा आणला, बशीत ओतून फुंकून दिला.

"आता सांगा, आजोबा."

बाहेर कुणीतरी मोटर चालू केली.
स्टॉपवॉच पळत राहिलं.
मग ओठ हलले. एकेक, थांबून थांबून:
दोरी.
लिंबू.
चाक. पाटी.
धूर.

यातला एकही आजचा नव्हता.
पण यादी माझीच होती:
पहिल्या फेरीची. मी नवी होते, भ्यालेली,
सगळं घोकून आले होते, आणि हे माझं पहिलंच घर.
तेव्हा त्यांना तीनच आठवले होते.

नियमाप्रमाणे आजच्या यादीतले बरोबर शब्द: शून्य.
मी शून्य लिहिलं.
'शेरा' या रकान्यात दीड ओळ जागा असते.
तिथं पेन टेकवलं,
आणि ते काठावरच बसून राहिलं.
चहा निवला.
सुनंदाताई म्हणाल्या, पुढच्या खेपेला येणार ना?
त्यांनी बघितलं तातोबांकडे, विचारलं मला.

परत येताना हरिपूर रोडच्या चिंचांखालून
रिक्षात स्वतःचीच परीक्षा घेतली.
कुलूप. मीठ. घोडा.
खिडकी.
सांगली जवळ आली, झाडं विरळ झाली,
शेवटची सावली मागे पडली.
डोळ्यांवर आडवा हात धरावा लागला,
तरी पाचवा शब्द
काही केल्या वर येईना.